उंबऱ्यावरच्या मुंग्या

१

झेंड्याची पेटी रिकामी झाल्याची बातमी मला एसी अबाकाने दिली. दिली म्हणजे पर्यटन कार्यालयाच्या दारात उभी राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडून दिली.

"अबा! बोलाव तुझ्या राजधानीतल्या पाहुण्यांना! रिकामी पेटी बघायला बोलाव!"

तळलेल्या मासळीचा घास हातात होता, तो तसाच ठेवून मी उठले. एसी ही एन्सुआनोतल्या पहिल्या कंपनीची कप्तान. साठी उलटलेली बाई, पण आवाज अजून रणांगणावरचा. कंपनी म्हणजे दुकान नव्हे. आमच्या फांटी लोकांच्या किनाऱ्यावर गावोगावी जुन्या लढवय्यांच्या कंपन्या आहेत, आणि बापाची कंपनी तीच पोरांची. एन्सुआनोत अशा दोन. दोघींची वेगवेगळी ठाणी, सिमेंटच्या रंगीत सिंहांनी आणि जहाजांनी मढवलेली. आत पूर्वजांची जागा, झेंड्यांची मोठी पेटी आणि सगळ्यात जुन्या झेंड्याची वेगळी पेटी.

या ठाण्यांसाठी मी किती डोकं फोडलं ते माझं मला माहीत. प्रवासी केप कोस्ट आणि एल्मिनाचे, गुलामांच्या व्यापाराचे मोठे किल्ले बघतात, डोळे पुसतात, नारळपाणी पितात आणि परतीची बस धरतात. आमच्याकडे छोटा किल्ला आहे, खाडी आहे, दीपस्तंभ आहे, ही ठाणी आहेत. हमरस्त्यावर मी फलकसुद्धा लावलाय. पण कुत्रं फिरकत नाही. आता कुठे यंदाच्या जत्रेला राजधानीतले पाहुणे येणार होते, आमचं गाव सहलीच्या नकाशात घ्यायचं की नाही ते ठरवायला. त्यांना सगळ्यात जुना झेंडा नाचताना बघायचा होता. मी पहिल्या कंपनीचे सुपी, म्हणजे प्रमुख, एशुन यांच्याकडे जाऊन तो मागितला, आणि त्यांनी भर सभेत हो म्हटलं. जत्रा शनिवारी, आणि आज बुधवारी झेंडा गायब!

पहिल्या कंपनीच्या ठाण्यात पोचले तर पोलीस सार्जंट दाद्झी आधीच कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"कुलूप शाबूत आहे, मॅडम. म्हणजे किल्लीवाल्याचं काम. किल्ल्या किती?"

"तीन. एक सुपींकडे, एक एसीकडे, एक माझ्या कार्यालयात खिळ्याला."

"खिळ्याची किल्ली कोण घेतं?"

"फीफी बेंत्सिल. प्रवाशांना ठाणं दाखवतो तो. आणि क्वान्सा मास्तर. जत्रेचं लिखापढीचं काम ते तिथेच बसून करतात."

सार्जंटने बोट खाली केलं. उंबऱ्याच्या आत, पेटीच्या समोर, जमिनीवर मुंग्यांची झुंबड उडाली होती. एका जागी नाही, तीन जागी. शेजारी शेजारी तीन छोटे डाग, प्रत्येक डागावर मुंग्याच मुंग्या. तो खाली वाकला, एका डागाला बोट लावून चाटलं आणि हसला.

"माल्ट. तुमचा फीफी दिवसभर काय पितो, मॅडम?"

अख्ख्या गावाला ते माहीत होतं. दारू नसलेलं ते गोड काळं माल्ट फीफीच्या पिशवीत कायम असायचं. बोलून बोलून घसा सुकतो, म्हणायचा.

"कालच्या प्रवाशांनी सांडलं असेल," मी म्हटलं.

"छे!" एसी म्हणाली. "ते गेल्यावर मी स्वतः झाडून घेतलं आणि कुलूप लावलं. तेव्हा काही नव्हतं."

मी कार्यालयात परत पोचायच्या आत फीफीला कोठडीत टाकलं होतं.

२

"आंटी, मी कशाला चोरू?" फीफी गजांना धरून म्हणाला. तिशीतला पोरगा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. "उद्या सुटलो तरी माझ्यामागे येईल कोण? चोर दाखवतोय चोरीची जागा, म्हणून हसतील."

त्याचं खरं होतं. वाटाड्याकडे विकायला दुसरं असतं काय? त्याचा शब्द. लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकायचा आणि त्याच्या मागोमाग चालायचं, एवढाच त्याचा धंदा.

"काल ठाण्यातून निघताना किल्ली कुठे ठेवलीस?"

"खिळ्याला. क्वान्सा मास्तर समोरच बसले होते, त्यांना विचारा."

"आणि तो झेंडा तू कधी पाहिलास?"

त्याने सार्जंटकडे नजर टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाही पाहिला. आमच्या घरात त्याचं नाव काढत नाहीत. त्यावर काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"एक माणूस आणि मगर. कोपऱ्यात इंग्रजांचं निशाण. जुना आहे."

"माणूस मगरीला दोरी बांधून बकरीसारखी ओढतोय, आंटी. मगर म्हणजे आम्ही. दुसरी कंपनी. माझ्या बापाच्या लहानपणी त्यांनी तो आमच्या गल्लीसमोर नाचवला. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं मेली. आमच्याकडून माझा आजोबा गेला."

मी सेकोंदीची, म्हणजे बाहेरगावची. इथे येऊन मला दहाबारा वर्षं झाली, आणि हे मला कुणी, एकानेही, सांगितलं नव्हतं. झेंडा मागत मी गावभर फिरले, चहूकडून 'हो आंटी, बघू आंटी' ऐकलं, आणि तोंड उघडून एक माणूस बोलला नाही. मला इतका संताप आला की गज उपटावेसे वाटले.

मागून सार्जंटने खाकरून सांगितलं, "ऐकलंत ना? आजोबाचा सूड. आता कारणही मिळालं."

३

क्वान्सा मास्तरांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. ते नव्या चर्चमध्ये जायला लागल्यापासून जुन्या कंपनीबद्दल त्यांचं मत गावाला पाठ झालं होतं.

"गेला तर बरं झालं," ते म्हणाले. "ती पेटी सैतानाचं कपाट आहे. मी असतो तर झेंडा चोरला नसता, अंगणात जाळला असता. उजेडात."

"तुम्ही माल्ट पिता, मास्तर."

"पितो. दारू पीत नाही. गुन्हा आहे का?"

"काल फीफीने किल्ली खिळ्याला लावलेली पाहिलीत?"

"पाहिली. रात्रभर तिथेच असावी. मी त्या ठाण्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाही आणि त्या मेलेल्यांना थेंबभर पाणीही देत नाही. माझा देव ते बघतो."

माणूस तिरसट होता, पण खोटं बोलताना लोक जसे गोड होतात तसा झाला नव्हता.

एसी घरी होती. तिने मला जिनचा पेला दिला आणि पिण्याआधी स्वतःच्या पेल्यातून जमिनीवर थोडं थोडं तीनदा ओतलं: एकदा देवाला, एकदा धरतीला, एकदा पूर्वजांना. मग उरलेलं घशाखाली घालून तोंड पुसलं.

"त्यांना दिलं ते आपणही घ्यायचं असतं," ती म्हणाली. "नाहीतर त्यांना वाटेल विष पाजलं."

"माल्ट चालतं का त्यांना?"

"मुलांचं पेय!" ती फिस्सकन हसली. "एक घोट घेतला तरी माझ्या दाढा ठणकतात. अबा, तो पोरगा चोर असेल तर दुसऱ्या कंपनीने त्याला पाठवलाय. शनिवारी आम्ही विचारू त्यांना. पोलिसांसारखं नाही, आमच्या पद्धतीने."

तेवढ्यात रस्त्यापलीकडून ढोल सुरू झाला. दुसऱ्या कंपनीच्या ठाण्यातून. जत्रेला अजून वेळ होता आणि हा सरावाचा ठेका नव्हता. माणसं गोळा करायचा होता.

४

सुपी एशुन अंगणात झाडाखाली बसले होते. सार्जंट दाद्झी माझ्या आधी येऊन टपकला होता. त्याला बसायला माल्टच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा करून दिला होता.

उकाडा असा की माझी पाठ ओली झाली होती. सुपींनी मात्र जाडजूड वस्त्र दोन्ही खांद्यांवरून गळ्यापर्यंत लपेटून घेतलं होतं. मी अभिवादन केलं. ते उठले नाहीत. वयाने मोठे, कंपनीचे प्रमुख, नसतील उठत.

"सुपी, फीफीने चोरी केली असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटायचंय? सार्जंटना वाटतं."

"तक्रार तुमच्या नावाने आहे."

"कंपनीच्या नावाने. मी फक्त अंगठा दिला." त्यांनी नातीला हाक मारून जिन मागवली. मला दिली, सार्जंटला दिली. स्वतःचा पेला ओठांपर्यंत नेला, पूर्वजांची नावं पुटपुटली आणि सगळा पेला झाडाच्या मुळाशी रिता केला. "त्यांचं त्यांना," म्हणाले.

एवढी चांगली जिन मातीत! मी मनात चडफडले. सार्जंटला तर हळहळ लपवताही आली नाही.

"उद्यापर्यंत तो कबूल होईल," सार्जंट म्हणाला. "मग त्याला मोठ्या पोलीस ठाण्यात पाठवतो."

"एवढ्यात पाठवू नका," सुपी पटकन म्हणाले. "झेंडा सापडेलसुद्धा. शनिवार होऊ द्या."

शनिवारनंतर झेंडा सापडून माझ्या पाहुण्यांना काय उपयोग? मी फणकाऱ्यानेच निघाले. फाटकापाशी पोचल्यावर मात्र मी थांबले. शनिवार होऊ द्या, म्हणजे काय?

५

घरी जाऊन मी चूल पेटवली नाही, कुणाशी बोलले नाही. खुर्ची अंगणात ओढून त्या मुंग्यांचा विचार करत बसले.

चोर घाईत असतो. घाईत बाटली हिंदकळली तर एक मोठा ओघळ येतो, शिंतोडे उडतात. इथे तीन नेटके डाग होते, एका ओळीत, पेटीच्या तोंडाशी. माझ्यासमोर एसीने जमिनीवर तस्संच ओतलं होतं. म्हणजे चोराने पेटी उघडण्याआधी मेलेल्यांची परवानगी मागितली होती!

मग फीफी सुटला. पहिल्या कंपनीच्या पूर्वजांनी त्याचा आजोबा मारला. त्यांना पेय पाजून तो परवानगी मागेल? थुंकेल फार तर. क्वान्सा मास्तर सुटले. ते पूर्वजांना पाणीही देत नाहीत, आणि चोरी करायला गेलेला माणूस ज्यांना सैतान म्हणतो त्यांच्यापुढे कशाला वाकेल? तेव्हा चोर पहिल्या कंपनीचा. मनापासून मानणारा. इतका की चोरी करतानाही त्याला रीत मोडवली नाही.

पण असा माणूस जिन ओततो. माल्ट का ओतलं? कारण जे ओतायचं ते स्वतःही प्यायचं असतं, आणि या माणसाला दारू पिता येत नाही. एसीला येते, माझ्यादेखत प्याली. गोडाने तिच्या दाढा ठणकतात.

उरला तो, ज्याने पेला ओठाला लावला आणि एक थेंबही घशाखाली जाऊ दिला नाही. ज्याच्या अंगणात माल्टचे क्रेट रिकामे होत होते, आणि ज्याच्या किल्लीला कुणाच्या खिळ्याची गरज नव्हती.

मी चपला घातल्या आणि परत निघाले. वाटेत दुसऱ्या कंपनीची पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी होती. हातात काठ्या होत्या, आणि एकानेही मला नेहमीसारखं 'आंटी' म्हटलं नाही.

६

"डॉक्टरांनी दारू कधी बंद केली, सुपी?" मी फाटकातूनच विचारलं.

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. "ईस्टरपासून. यकृत गेलंय. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. न पिणारा सुपी! पोरं हसतील."

"म्हणून पूर्वजांना माल्ट पाजलंत."

त्यांनी वस्त्र गळ्याशी आणखी घट्ट ओढलं.

"आणि झेंडा घरात ठेवला असेल असं मला वाटत नाही. पूर्वजांचा झेंडा तुम्ही खाटेखाली चपलांपाशी सारणार नाही. या उकाड्यात कुणी असं लपेटून बसत नाही, सुपी."

त्यांनी हळूच वस्त्र छातीवरून बाजूला केलं. आत, अंगाभोवती नीट गुंडाळलेलं, विटकं पिवळं कापड होतं, पांढऱ्या झालरीचं. मगरीचं शेपूट त्यांच्या बरगड्यांवर आलं होतं.

"कुठे ठेवू याला?" ते म्हणाले. "जमिनीला लागता कामा नये. परक्या छपराखाली जाता कामा नये. काल रात्री झोपलोही असाच, बसून."

"पण का?"

"तू मागितलास म्हणून!" आता ते चिडले. "भर सभेत मागितलास. माझी पोरं समोर उभी. नको म्हटलं असतं तर म्हणाली असती, सुपी दुसऱ्या कंपनीला घाबरला. आणि मग घाबरलो नाही हे दाखवायला त्यांनीच तो त्यांच्या गल्लीत नेला असता. मी तेव्हा लहान होतो, अबा. रस्त्यावर माणसं पडलेली पाहिलीत मी. हो म्हणावं आणि झेंडा नाहीसा करावा, एवढाच मार्ग दिसला."

"मला एकटीला बोलावून सांगायचं होतंत! एक शब्द! इथे सगळे मला हो हो म्हणतात आणि मग रात्रीतून पेट्या रिकाम्या करतात!"

"परक्या बाईला गावाची लाज कशी सांगणार?"

दहाबारा वर्षांनीसुद्धा परकी. मी ते गिळलं, कारण फीफी आत होता.

"ऐका. तुम्ही झेंडा लपवला तो दंगा होऊ नये म्हणून. आणि झालं काय? त्यांचा पोरगा तुमच्या तक्रारीवरून कोठडीत. ज्याचा आजोबा तुमच्या लोकांनी मारला, तोच. बाहेर काठ्या निघाल्यात. दंग्याला आता झेंड्याची गरजच राहिली नाही."

त्यांचा चेहरा पडला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, शपथेवर सांगते. लढाई म्हटली की ती झेंड्यावरूनच होणार, एवढंच त्यांना ठाऊक.

"मग सोपं आहे," ते म्हणाले. "सार्जंटला सांगतो, सापडला. पेटीच्या मागे पडला होता. तक्रार परत."

"आणि गाव म्हणेल, पोराने भिऊन परत आणून टाकला. तो मरेपर्यंत म्हणेल. कोठडीतून सुटेल, पण त्यातून सुटणार नाही. त्याच्यामागे कोण चालेल?"

"अबा, मी खरं बोललो तर माझं आसन जाईल. चोर सुपी होऊ शकत नाही."

"जाईल."

"चाळीस वर्षं बसलोय त्यावर."

मला त्यांची कीव आली. तेवढाच रागही आला. मी तिथून हलले नाही. बाहेर तो ढोल चालूच होता.

७

सकाळी त्यांनी एसीला बोलावलं. झेंडा अंगावरून सोडून तिच्या हातात दिला, वर किल्ली ठेवली. एसीने दोन्हीकडे पाहिलं. मला वाटलं आता ही घर डोक्यावर घेणार.

"भित्रा मेला," ती एवढंच म्हणाली, तेही हळू. मग झेंड्याची घडी घातली. "याला त्याच्या पेटीत बंद करते. शनिवारी मोठ्या पेटीतला जहाजाचा झेंडा काढू. अबाच्या पाहुण्यांना काय कळतंय!"

ते मात्र अगदी खरं होतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

सार्जंट दाद्झीने कबुलीजबाब ऐकून डोकं धरलं. स्वतःचीच वस्तू चोरली तर कुठलं कलम लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी वैतागून त्याने कुलूप काढलं. फीफी बाहेर आला, सुपींकडे न बघता त्यांच्या शेजारून गेला.

"थांब," सुपी म्हणाले. "माझ्या मागे नको. पुढे चाल. मी येतो."

फीफी माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो चालू लागला, आणि त्याच्या मागोमाग ते, एका खांद्यावर वस्त्र, पाय घासत. बाजार ओलांडला. दुसऱ्या कंपनीची गल्ली आली. पहिल्या कंपनीचा सुपी त्या गल्लीत कधी शिरला नव्हता. काठीवाली पोरं बाजूला झाली. मारावं की वाट द्यावी, त्यांना काही सुचेना.

गल्लीच्या मध्यावर फीफीची आई अराबा मासळी तळत होती. पोरगा दिसला तरी ती उठली नाही. त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि झाऱ्याने तेलातले तुकडे उलटवले.

सुपी तिच्या कढईसमोर उभे राहिले. दोन्ही हातांनी वस्त्र खांद्यावरून कंबरेपर्यंत उतरवलं, जसं राजापुढे उतरवतात.

"झेंडा मी घेतला होता," ते म्हणाले. "तुझ्या पोराने नाही. चोर मी."

कढईतल्या तेलाचा आवाज तेवढा येत होता.

अराबाने मान वर केली नाही.

"मोठ्याने बोला, सुपी," ती म्हणाली. "माझ्या पोराला चोर म्हणाले ते कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

सुपींनी घसा साफ केला, कोपऱ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा सुरुवात केली.